ओव्हनचं 'सेल्फ क्लीन' बटण दाबण्याआधी: कोणत्या ओव्हनला काय चालतं, काय चालत नाही

गणपती जवळ आले की इंदूरच्या बडा गणपती भागात घरोघरी साफसफाई निघते. १९०१ साली उभारलेली, सुमारे २५ फूट उंचीची गणेशमूर्ती ज्या मंदिरात आहे, त्यावरूनच या भागाला हे नाव पडलं. इथे मल्हारगंज-राजमोहल्ल्याच्या बाजूला जुनी घरं आहेत आणि नव्या इमारतींमध्ये मॉड्युलर किचनही आली आहेत. नानकटाई, केक, बाफले, बाट्या यांमुळे ओव्हन वर्षभर चालतो आणि सणाच्या आधी आतला चिकट तुपकट थर डोळ्यांत भरतो. मग लक्ष जातं पॅनलवरच्या एका बटणाकडे: 'सेल्फ क्लीन', 'ऑटो क्लीन' किंवा 'पायरो'.

हे बटण खरोखर कामाचं आहे. पण काही ओव्हनमध्ये ते दाबल्यावर आतलं तापमान नेहमीच्या बेकिंगच्या दुप्पट होतं आणि दोन-तीन तास तसंच राहतं. तेव्हा ते घासणीसारखं समजून चालत नाही. एखादी छोटी भट्टी पेटवताना जी काळजी घ्याल, तीच इथे घ्यायची. इंदूर असो, बेळगाव, भालकी, बऱ्हाणपूर, बडोदं असो की न्यू जर्सी, नियम सगळीकडे तेच आहेत.

आधी ओळखा: तुमच्या ओव्हनमध्ये नेमकं काय आहे?

आपल्याकडे 'ऑटो क्लीन' हा शब्द पहिल्यांदा घरात आला तो चिमणीमुळे. चिमणीत मोटरजवळची कॉइल काही मिनिटं तापते, आतलं तेल पातळ होतं आणि खालच्या वाटीत गळतं. वाटी रिकामी केली की झालं. त्यामुळे ओव्हनवर तोच शब्द दिसला की 'तसंच काहीतरी असेल' असं वाटतं. पण ओव्हनमध्ये या नावाखाली तीन अगदी वेगळ्या गोष्टी येतात.

पायरोलिटिक: आतलं तापमान साधारण ४३० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत जातं. चिकटलेलं तूप, तेल, साखर, कणीक सगळं जळून राख होतं. दार आपोआप कुलूपबंद होतं. ही सोय मुख्यतः भिंतीत किंवा ओट्याखाली बसवलेल्या महागड्या इलेक्ट्रिक ओव्हनमध्ये आणि अमेरिकेतल्या बऱ्याच रेंजमध्ये असते.

कॅटॅलिटिक: आतल्या बाजूच्या पत्र्यांना खरखरीत लेप असतो. २०० ते २५० अंशांवर तेलाचे शिंतोडे त्या लेपात हळूहळू जिरून जळतात. इथे दाराला कुलूप लागत नाही.

वाफेची सफाई: तळाशी थोडं पाणी ओतून ओव्हन कमी तापवतात. वाफेने डाग सैल होतात आणि पुसायचं काम आपलंच राहतं.

आणि आता महत्त्वाचं. आपल्याकडे बहुतेक घरांत जो असतो तो टेबलावरचा ओटीजी. त्यात यातलं सहसा काहीच नसतं. मायक्रोवेव्हवर 'ऑटो क्लीन' किंवा 'स्टीम क्लीन' लिहिलेलं असलं तरी ती फक्त वाफेची सफाई असते.

ओळखायचं कसं? माहिती-पुस्तिका काढा. ती हरवली असेल तर दाराच्या कडेवर किंवा मागच्या पट्टीवर मॉडेल नंबर असतो. तो कंपनीच्या वेबसाइटवर टाकला की पुस्तिका मिळते. कुलूप लागणारं दार, काचेचे तीन-चार थर आणि पॅनलवर 'पायरो' हा शब्द ही पायरोलिटिकची खूण. खात्री होईपर्यंत बटण दाबू नका.

आत काय घडतं?

तूप साधारण अडीचशे अंशांच्या आसपास धूर सोडू लागतं. पायरोलिटिक सफाई त्याच्या कितीतरी पुढे जाते. तिथे अन्नाचे अवशेष नुसते करपत नाहीत, ते पार मोडून जातात. मागे करड्या रंगाची मूठभर राख उरते. घरगुती वापरासाठी असा ओव्हन १९६३ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीने बाजारात आणला. तेव्हापासून मूळ कल्पना फारशी बदललेली नाही.

जळण्याबरोबर धूर आणि वायूही आलेच. जळक्या तेला-तुपातून ॲक्रोलिन नावाचा वायू निघतो, त्याने डोळे चुरचुरतात आणि घसा खवखवतो. थोड्या प्रमाणात कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो, ज्याला रंग नाही, वास नाही. आतली घाण जितकी जास्त, तितका धूर जास्त. म्हणून पहिला नियम सोपा आहे: मशीन स्वतः साफ करणार असली तरी मोठी घाण आधी आपल्या हाताने काढायची.

बटण दाबण्याआधीची सात कामं

१. ओव्हन पूर्ण थंड असताना सांडलेलं तूप, चीज, जळकी कणीक प्लास्टिकच्या उलथन्याने खरवडून काढा आणि ओल्या फडक्याने पुसा.

२. आतलं सगळं बाहेर काढा: जाळ्या, ट्रे, सरकत्या पट्ट्या, पिझ्झा स्टोन, थर्मामीटर. पुस्तिकेत 'जाळी आत चालते' असं स्पष्ट लिहिलं असेल तरच ठेवा. नाहीतर तिची चकाकी जाते आणि नंतर ती अडकत अडकत सरकते. ओव्हनच्या खालच्या कप्प्यात कढया, पेपर, प्लास्टिकचे डबे ठेवायची सवय असेल तर तोही कप्पा रिकामा करा.

३. तळाशी ॲल्युमिनियम फॉइल अंथरली असेल तर काढा. इतक्या उष्णतेत ती एनॅमलला कायमची चिकटून बसू शकते.

४. ओव्हन क्लीनरचा स्प्रे, कॉस्टिक सोडा, भांड्याची पावडर यांचा अंशही आत नको. गरम झाल्यावर त्याची वाफ घातक असते आणि एनॅमलही खराब होतो. आधी कधी स्प्रे मारला असेल तर साध्या पाण्याने दोन-तीनदा पुसून घ्या.

५. दाराभोवतीची सील घासू नका, ओली करू नका. ती फाटली किंवा सैल झाली असेल तर सफाई सुरूच करू नका, कारण उष्णता तिथूनच बाहेर येणार. काचेला तडा असेल तरीही तेच.

६. आजूबाजूचं सामान हलवा: तेलाची बाटली, काडेपेटी, प्लास्टिकचे डबे, पडदा, दाराच्या हँडलवर अडकवलेला नॅपकिन.

७. खिडकी उघडा, एक्झॉस्ट फॅन किंवा चिमणी सुरू करा. त्यासाठी दिवसाची वेळ निवडा. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात सकाळी लवकर बरं, कारण स्वयंपाकघर आधीच तापलेलं असतं.

वायरिंग आणि सिलिंडर: आपल्या घरांतली खरी अडचण

परदेशी पुस्तिकांत सहसा न सापडणारे दोन मुद्दे आपल्या घरांत सगळ्यात महत्त्वाचे ठरतात.

पहिला वायरिंगचा. बसवायचे मोठे ओव्हन ३ ते ३.६ किलोवॉटपर्यंत वीज घेतात. २३० व्होल्टवर ३.६ किलोवॉट म्हणजे जवळजवळ १६ अँपिअर. मिक्सरचा ६ अँपिअरचा सॉकेट इथे चालणार नाही आणि एक्स्टेंशन बोर्ड तर नाहीच नाही. बेकिंग करताना ओव्हन मधून मधून तापतो, पण सफाईच्या वेळी कॉइलवर तासन् तास भार राहतो. एरवी निभावून नेणारी जुनी वायर किंवा सैल झालेला सॉकेट अशा वेळी वितळू शकतो. ओव्हनसाठी मीटरपासून वेगळी वायर, वेगळी एमसीबी, नीट अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा पाहून घ्या. जुन्या घरात नवं किचन बसवलं असेल तर हे हमखास विचारा. सुताराने फर्निचर नवं केलेलं असतं, पण भिंतीतली वायर तीच जुनी असते. घरगुती इन्व्हर्टरवर हे काम करू नका.

दुसरा मुद्दा गॅसचा. आपल्याकडे ओट्यावर शेगडी, तिच्याखाली ओव्हन आणि शेजारच्या कपाटात १४.२ किलोचा सिलिंडर अशी मांडणी पुष्कळ ठिकाणी दिसते. तापलेल्या ओव्हनला लागून असलेलं बंद कपाट ही सिलिंडरची जागा नव्हे. सफाईच्या आधी रेग्युलेटर बंद करा आणि सिलिंडर तिथून हलवा. रबरी नळी ओव्हनच्या मागून किंवा त्याला टेकून जात नाही ना, ते बघा. पाइपलाइनचा गॅस असेल तर व्हॉल्व्ह बंद करा. सफाई सुरू असताना वरच्या शेगडीवर चहासुद्धा ठेवू नका. कधी गॅसचा वास आला तर कुठलंही बटण चालू-बंद न करता खिडक्या-दारं उघडा, बाहेर या आणि १९०६ या गॅसगळतीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

पक्षी, लहान मुलं, दमेकरी

घरात लव्हबर्ड, बजी किंवा कॉकाटील असतील तर हा परिच्छेद नक्की वाचा. पक्ष्यांची श्वसनसंस्था फार नाजूक असते. नॉनस्टिक लेप जास्त तापल्यावर जो वायू निघतो तो माणसाला जाणवायच्या आत पक्ष्याचा जीव घेऊ शकतो. नॉनस्टिक ट्रे चुकून आत राहिला किंवा ओव्हनच्याच एखाद्या भागाला तसा लेप असला तर सफाईच्या तापमानाला हा धोका खरा आहे. जळक्या तेलाचा धूरही त्यांना सोसत नाही. पिंजरा दुसऱ्या खोलीत ठेवून भागत नाही. सफाईच्या दिवशी पक्षी शेजाऱ्यांकडे किंवा नातेवाइकांकडे पाठवा आणि घर पूर्ण हवेशीर झाल्यावरच परत आणा.

माणसांना त्याच वायूमुळे फ्लूसारखा ताप, थंडी, छातीत जडपणा येऊ शकतो. दमा असलेले, तान्हं बाळ, गरोदर बाई, वयस्कर आजी-आजोबा यांनी त्या तीन-चार तासांत स्वयंपाकघरापासून लांब राहावं, जमल्यास बाहेरच जावं. रांगतं मूल असेल तर स्वयंपाकघराचं दार लावून घ्या. दाराला काचेचे कितीही थर असले तरी बाहेरची काच नेहमीपेक्षा जास्त तापते आणि लहान हात तिथेच आधी लागतात.

सुरू असताना

कार्यक्रमाला साधारण दोन ते चार तास लागतात आणि नंतर थंड व्हायला तासभर तरी. वीज किती जाईल? ओव्हनचा आकार आणि वेळ यांवर ते अवलंबून आहे, पण एका वेळेला तीन ते सहा युनिट धरून चाला.

या काळात घरात एक जाणतं माणूस जागं हवं. रात्री लावून झोपणं किंवा लावून बाजारात जाणं टाळा. पहिल्या तासात थोडा धूर आणि जळका वास येणं स्वाभाविक आहे. धूर वाढतच गेला, प्लग किंवा बोर्ड गरम लागला, प्लास्टिक जळाल्यासारखा वास आला तर थांबवा.

आत ज्वाळा दिसली तर दार उघडायचा प्रयत्न करू नका. दार उघडलं की हवा आत जाते आणि आग भडकते. पॅनलवरून कार्यक्रम रद्द करा, मेन बोर्डवरची एमसीबी पाडा आणि दार बंदच राहू द्या. आतली हवा संपली की आग बहुधा आपोआप विझते. पाणी मुळीच टाकू नका. आग ओव्हनबाहेर आली तर सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि अग्निशमन दलाला १०१ किंवा ११२ वर फोन करा.

मध्येच वीज गेली तर? दार कुलूपबंदच राहतं आणि तेच बरोबर आहे. आतलं तापमान साधारण तीनशे अंशांच्या खाली आल्याशिवाय बहुतेक ओव्हन कुलूप सोडत नाहीत. स्क्रू-ड्रायव्हर घालून दार उचकटू नका. वीज परत आल्यावर कार्यक्रम रद्द करून ओव्हन थंड होऊ द्या आणि उरलेली सफाई दुसऱ्या दिवशी करा.

संपल्यावर

घंटा वाजली म्हणून लगेच मेन स्विच बंद करू नका. ओव्हनचा पंखा अजून फिरत असतो. तो आतले इलेक्ट्रॉनिक भाग आणि शेजारचं लाकूड थंड करतो. पंखा आपोआप थांबेपर्यंत वीज चालू ठेवा.

दार उघडल्यावर तळाशी राख दिसेल. ओव्हन हाताला पूर्ण गार लागल्यावरच ओल्या फडक्याने ती पुसा. गरम एनॅमलवर थंड फडकं लावलं की त्याला तडे जाऊ शकतात. राख उडून नाकात जाऊ नये म्हणून कोरडा ब्रश नको. दाराची कड आणि सीलच्या बाहेरची पट्टी सफाईत येत नाही, ती हाताने पुसावी लागते. पहिल्यांदा बेकिंग करण्याआधी ओव्हन दहा मिनिटं रिकामा तापवला तर उरलासुरला वास जातो.

ओव्हन क्लीनरच्या रिकाम्या कॅन ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात टाकू नयेत. इंदूरमध्ये घरचा कचरा सहा प्रकारांत वेगळा घेतला जातो. त्यात घरगुती घातक कचऱ्याचा डबा वेगळा असतो, या कॅनची जागा तिथे. तुमच्या गावात अशी सोय नसेल तर निदान त्या आगीत टाकू नका, फोडू नका.

सणाच्या आदल्या दिवशी नको

दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांना हा अनुभव नवा नाही: सेल्फ क्लीन केलं आणि दुसऱ्या दिवशी ओव्हन सुरूच होईना. कारण साधं आहे. इतक्या उष्णतेत आतला सुरक्षा-फ्यूज उडतो, दाराचं कुलूप अडकतं, कधी कंट्रोल बोर्ड जातो. फ्यूज उडतो तो रक्षण करण्यासाठीच, पण तो बदलल्याशिवाय ओव्हन चालत नाही. म्हणून गणेश चतुर्थी, दिवाळी किंवा घरचं कार्य असेल तर सफाई निदान दोन आठवडे आधी उरकून घ्या. बिघाड झालाच तर माणूस बोलवायला आणि भाग मागवायला वेळ हाताशी राहील.

वर्षातून दोन-तीनदा ही सफाई पुरे. दर बेकिंगनंतर ओव्हन कोमट असतानाच पुसायची सवय लागली तर तेवढीही लागणार नाही.

वाफेची आणि कॅटॅलिटिक सफाई

वाफेच्या सफाईत धोका कमी, पण चुका नेहमीच्याच. पाणी थंड ओव्हनमध्येच ओता, कारण गरम तळावर ओतलं की वाफेचा भपका तोंडावर येतो आणि एनॅमल तडकतो. पाणी किती आणि त्यात भांड्याच्या साबणाचे थेंब चालतात का, हे पुस्तिकेत दिलेलं असतं. बोअरवेलचं जड पाणी वापरलं तर पांढरे डाग राहतात, त्यामुळे आरओचं किंवा उकळून गार केलेलं पाणी बरं. दार उघडताना तोंड बाजूला ठेवा. पाणी तळाशी साचू देऊ नका, लगेच टिपून घ्या.

कॅटॅलिटिक ओव्हन पुस्तिकेत दिलेल्या तापमानावर रिकामा तापवायचा, साधारण अर्धा ते एक तास. त्या खरखरीत पत्र्यांना तारेची घासणी, स्प्रे किंवा साबण लावू नका, त्यामुळे लेपच निघून जातो. तळ आणि काच यांना तो लेप बहुधा नसतो, त्या हातानेच पुसाव्या लागतात. साखरेच्या पाकाचे डागही या लेपाला झेपत नाहीत.

ओटीजी आणि मायक्रोवेव्ह

'पूर्ण तापमानावर दोन तास रिकामा चालवला की सगळं जळून जातं' असा सल्ला ओटीजीबद्दल पुष्कळदा दिला जातो. तो मानू नका. ओटीजी साधारण २५० अंशांपर्यंतच जातो. तिथे तूप राख होत नाही, फक्त धुमसत राहतं. दाराला कुलूप नसतं, काच एकेरी असते आणि बाहेरचा पत्रा भाजण्याइतका तापतो. त्यासाठी जुनीच पद्धत बरी. प्लग काढा, गार होऊ द्या, खालचा चुऱ्याचा ट्रे धुवा. खाण्याच्या सोड्याची पाण्यात पेस्ट करून डागांवर रात्रभर ठेवा आणि सकाळी पुसा. कॉइलला मात्र पेस्ट लावू नका. पूर्ण वाळल्यावरच प्लग लावा.

मायक्रोवेव्हमध्ये काचेच्या बाऊलमध्ये कपभर पाणी आणि लिंबाच्या फोडी ठेवून तीन-चार मिनिटं चालवा. पाण्यात लाकडी चमचा ठेवायला विसरू नका, नाहीतर उकळी न दिसता पाणी जास्त तापतं आणि हात लागताच उसळतं. बंद झाल्यावर पाच मिनिटं दार उघडू नका, मग पुसा.

परदेशातल्या मराठी घरांसाठी

अमेरिका-कॅनडातल्या घरांत रेंजवर सेल्फ क्लीन सर्रास असतं आणि तापमान साधारण ९०० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४८० सेल्सिअसपर्यंत जातं. हिवाळ्यात सगळी घरं बंद असतात, त्यामुळे धूर आणि कार्बन मोनॉक्साइड आतच कोंडतात. थंडी असली तरी खिडकी थोडी उघडा. धुराचा अलार्म वाजतो म्हणून त्याची बॅटरी काढू नका. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही हवा, विशेषतः ओव्हन गॅसवर चालत असेल तर. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर असं घरातल्या एकापेक्षा जास्त जणांना एकदम जाणवलं तर लगेच बाहेर पडा आणि ९११ वर फोन करा. भाड्याच्या घरात आधीच्या भाडेकरूने आत काय फवारलं होतं ते आपल्याला माहीत नसतं. तिथे पहिल्यांदा साध्या पाण्याने पुसून घ्या आणि मगच हे बटण दाबा.

थोडक्यात

आपला ओव्हन कोणता ते आधी ओळखा. आत काही ठेवू नका, काही फवारू नका. सिलिंडर लांब, खिडकी उघडी, पक्षी घराबाहेर, एक जाणतं माणूस घरात. दार स्वतः उघडेपर्यंत थांबा. आणि हे सगळं सणाच्या दोन आठवडे आधी.